जनीचे माहेर कोणते?

मराठीतील स्थलांतरितांच्या लेखनाचा विचार अलीकडे ‘डायस्पोरा’ या संज्ञेच्या आधाराने होऊ लागला आहे. अमेरिकेच्या 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर तिकडे गेलेला सुशिक्षित वर्ग, 1981 मध्ये स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि या परिसरात निर्माण झालेली कथा-कविता ही या अभ्यासाची ठरलेली सामग्री होय. संज्ञेला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तिच्यामुळे प्रश्नाचा आरंभच विमानतळावर होतो, याला. परक्या घरी राबणाऱ्या माणसाची आपल्या माणसांविषयीची ओढ मराठी कवितेला त्याआधी सहा शतकांहून अधिक काळ परिचित आहे. आणि या ओढीसाठी तिच्याजवळ स्वतःची संज्ञाही आहे : माहेर.

जनाबाई गंगाखेडची, आजच्या परभणी जिल्ह्यातील, गोदाकाठची. परंपरा सांगते ती अशी, की दमा आणि करुंड यांची ही मुलगी बालपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या कुटुंबात दासी म्हणून राहिली. या चरित्रात आख्यायिकेचा भाग मोठा आहे, आणि तिच्या नाममुद्रेचे सर्व अभंग एकाच व्यक्तीचे मानणेही कठीण आहे. म्हणून येथे ‘जनी’ म्हणजे संहितेत बोलणारी व्यक्तिरेखा, एवढेच अभिप्रेत आहे. ही व्यक्तिरेखा मात्र कमालीची सुसंगत आहे.

वारकरी कवितेतील माहेराचे रूपक सर्वांच्या परिचयाचे आहे. संसार हे सासर, पंढरी हे माहेर; विठ्ठल मायबाप. सासुरवाशिणीने मुराळ्याची वाट पाहावी तशी भक्ताने मूळ येण्याची वाट पाहायची. या रूपकाला अंतर लागते. देहूहून पंढरीकडे पाहणाऱ्या तुकोबांना ते सहज उपलब्ध आहे. जनीला ते नाही. ती पंढरीतच आहे. इतरांचे माहेर हेच तिचे कामाचे ठिकाण आहे. मग तिची ओढ कोणत्या दिशेने जाते? गंगाखेडच्या दिशेने नक्कीच नव्हे; आपले गाव या अभंगांत जवळपास येतच नाही. आई गेली, बाप गेला, आता तूच सांभाळ, असे विठ्ठलाला सांगून ती मोकळी होते. स्मरणरंजनाची सोयच तिला उरलेली नाही.

माझ्या मते जनीच्या कवितेचा खरा पेच येथे आहे, आणि तो तिने दळणात सोडवला आहे. विठ्ठल तिच्यासोबत दळतो, कांडतो, झाडलोट करतो, पाणी भरतो, शेणी वेचतो. सांप्रदायिक विवेचनात हे देवाच्या भक्तवात्सल्याचे उदाहरण ठरते; नंतरच्या अभ्यासकांनी त्यात श्रमाची प्रतिष्ठा पाहिली. दोन्ही वाचने खरी आहेत, पण अपुरी आहेत. देव तिची वेणी उकलतो, डोके विंचरतो. या कामाला धन्याच्या घरात काहीही मोल नाही. दळणकांडण दासीचे काम म्हणून कोणीही सांगू शकते. दासीचे केस मात्र तिच्या आईखेरीज कोणी विंचरत नसते. गमावलेले कुटुंब येथे आठवणीतून परत येत नाही. कामाला लागलेल्या दुसऱ्या हातांच्या रूपाने ते येते. भूतकाळाकडे तोंड नसलेली ही विरहाची कविता आहे. म्हणूनच तिच्या नाममुद्रेत ‘नामयाची’ हा शब्द मला नुसत्या विनयाचा वाटत नाही. ना बाप, ना गाव. ओळख ज्या घरी राबायचे त्या घराची.

हा निकष घेऊन अमेरिकेतील मराठी कथा वाचली तर एक गोष्ट खटकते. तिच्यात गणपती असतो, पुरणपोळी असते, मध्यरात्री वाजणारा फोन असतो. ज्या कामासाठी माणूस सात समुद्र ओलांडून गेला ते काम बहुधा नसते. अपवाद आहेत, पण आठवण सुटीच्या दिवशीच येते, असा समज व्हावा इतकी ही कथा कामाच्या दिवसांबद्दल अबोल आहे. याच अनुभवाचे सत्त्व मराठीत अधिक उतरले ते मागे राहिलेल्यांच्या बाजूने लिहिताना. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मधले वृद्ध आईवडील अमेरिकेतील मुलाची वाट पाहतात, तेव्हा रिकाम्या घरातले त्यांचे दिवसभराचे लहानसहान व्यवहारच नाटक होतात.

आणि परदेश म्हणजे परराष्ट्रच कशाला? परभणी-बीडकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन मुकादमामागे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. वस्तीवर म्हातारी माणसे उरतात, पुष्कळदा शाळेतली मुलेही. व्यवहाराच्या हिशेबात जोडप्याचे नाव हत्यारावरून पडावे, ही गोष्ट ‘नामयाची जनी’ वाचणाऱ्याला परकी वाटू नये. या स्थलांतराला ‘डायस्पोरा’च्या चर्चेत जागा का मिळत नाही, याचे उत्तर सिद्धान्तात शोधण्याची गरज नाही, पासपोर्ट कोणाजवळ आहे ते पाहिले की पुरे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जमा झालेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. गाणाऱ्या बाया आपल्या आईची, भावाची आठवण काढता काढता अधूनमधून जनीचे जाते मांडतात. तेथे विठ्ठल दळू लागतो. लिखित गाथेत नामदेवाच्या घरापुरती राहिलेली जनी या ओव्यांतून सासरी नांदणाऱ्या कोणाही बाईच्या जात्यासमोर येऊन बसते. तिच्या अभंगांची संहिता निश्चित करताना अभ्यासक आजवर हस्तलिखितांकडे आणि छापील गाथांकडे पाहत आले. ओव्यांतली जनी त्या चौकशीत अजून यायची आहे.