संभाव्यतेचे आकलन आणि म्हाडाची सोडत : एक चिकित्सा

कानेमान व ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या ‘प्रॉस्पेक्ट’ सिद्धांतानुसार मनुष्य अल्प संभाव्यतेला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देतो. हर्टविग व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या निष्कर्षाची मर्यादा दाखविली : संभाव्यता आकड्यांत सांगितल्यास दुर्मीळ घटना मोठी भासते, अनुभवातून शिकल्यास तीच उपेक्षिली जाते. या चौकटीत म्हाडाचा अर्जदार एकतर भाबडा ठरतो किंवा निराश. ही मांडणी अपुरी आहे.

माजिवड्यापासून जवळच असलेल्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात १४ ऑक्टोबर २०२१ रोजी कोकण मंडळाची सोडत निघाली. ८,९८४ घरांसाठी सुमारे २ लाख ४६ हजार अर्ज आले होते. म्हणजे सरासरी सत्तावीस अर्जांमागे एक घर. तथापि सोडत योजनानिहाय व प्रवर्गनिहाय निघत असल्याने ही सरासरी कोणाही एका अर्जदाराची संभाव्यता नव्हे. त्याची संधी तीच योजना इतर किती जण निवडतात यावर अवलंबून असते आणि ते अर्ज भरताना पूर्णपणे ज्ञात नसते.

मटक्यात हरलेला पैसा बुडतो. येथे अयशस्वी अर्जदारास अनामत रक्कम परत मिळते. त्यामुळे अर्ज करणे अविवेकी ठरत नाही. खरा कस योजनेच्या निवडीत लागतो. परंतु सोडत क्वचितच निघते. अनुभवातून शिकण्याइतकी पुनरावृत्ती एका कुटुंबाच्या वाट्याला येत नाही. म्हणूनच मागील सोडतींची योजनानिहाय अर्जसंख्या अर्जाशेजारीच सुलभपणे मांडणे आवश्यक ठरते. उणीव अर्जदाराच्या बुद्धीत शोधण्यापूर्वी ती माहितीच्या मांडणीत शोधली पाहिजे.