दर्यात हरवलेल्या मुलाची आई

रुडयार्ड किप्लिंगचे नाव काढताच आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या कपाळास आठी पडते, आणि ती अकारण पडत नाही. साम्राज्याचा भाट ही त्याची अपकीर्ती त्याने स्वहस्तेच मिळविलेली आहे. १८६५ साली तो मुंबईत जन्मला, ह्याचेही आपणांस फारसे कौतुक नाही. तथापि ‘माय बॉय जॅक’ ही त्याची चार कडव्यांची कविता हाती आली की आमचा राग ओसरतो. तो का ओसरतो, हे पाहण्यासाठी हा लेखनप्रपंच.

१९१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस उत्तर समुद्रात जटलंडजवळ ब्रिटिश व जर्मन आरमारांची गाठ पडली. ब्रिटिशांचे सहा हजारांवर लोक कामास आले. ‘क्वीन मेरी’ ही युद्धनौका स्फोटाने दुभंगली, तेव्हा एकट्या तिच्यावरील बाराशेंहून अधिक माणसे गेली. वाचली ती विसाच्या आसपास. ह्या लढाईवर किप्लिंगने वृत्तपत्रासाठी लेख लिहिले आणि त्यांच्या शिरोभागी ही कविता घातली.

त्याचा स्वतःचा एकुलता मुलगा जॉन आदल्या वर्षी फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता. वय अवघे अठरा. बापाच्या हयातीत त्याचा देह सापडला नाही. म्हणून पुष्कळ लोक ही कविता जॉनचीच समजतात, आणि डेव्हिड हेग ह्यांच्या १९९७ च्या त्याच नावाच्या नाटकाने तो समज अधिकच दृढ केला. आम्हांस हे वाचन अर्धेच खरे वाटते. जॅक हे इंग्रजीत कोणत्याही खलाशाचे नाव; आणि कवितेत बोलते ती आई आहे, बाप नव्हे.

ती विचारते आणि कोणीतरी उत्तर देते. हा उत्तर देणारा कोण, हे कवीने सांगितलेले नाही. तो किनाऱ्यावरचा म्हातारा कोळी असेल, किंवा समुद्रच असेल. पहिल्या कडव्यात ती दोन प्रश्न विचारते, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एक. चौथ्यात एकही नाही. उत्तरे मात्र वारा आणि भरती ह्यांच्याच पालुपदावर येऊन थांबतात. पालुपद बदलत नाही असे वरवर वाटते. पण शेवटाकडे ‘हा’ वारा होता त्याचा ‘तो’ वारा होतो. वाट पाहण्याचा दिवस संपून मुलगा बुडाला तो दिवस समोर उभा राहतो. एका सर्वनामाने एवढे काम क्वचितच केले असेल.

बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी व मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, असे आपल्या धर्मशास्त्राने सांगितले आहे. शोकालाही मुदत लागते हे त्या शास्त्रकारांनी ओळखले होते. पोर्ट्‌स्मथ, प्लिमथ व चॅटम येथे पुढे स्तंभ उभारून समुद्रात गेलेल्यांची नावे कोरली गेली. पण १९१६ साली ह्या बाईजवळ ना प्रतिमा ना शिळा. तिच्यापाशी उरते ती भरती, आणि ती तर दिवसातून दोनदा येते.

टीकाकारांचा आक्षेप आहे तो शेवटावर. मुलाने कुळाला बट्टा लावला नाही, तेव्हा मान ताठ ठेव, हा उपदेश त्यांना सरकारी पत्रकासारखा वाटतो. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु हा उपदेश आईच्या तोंडी नाही. तो तिला केला जातो, आणि तिने तो मानला की नाही हे कविता सांगत नाही. ती तेव्हा गप्प झालेली असते.

खरा काटा निराळाच आहे. मुलाला तू ‘दिलेस’ असे तिला सांगितले जाते. जॉनची दृष्टी अधू म्हणून त्याला सैन्यात घेत नव्हते; बापाने लॉर्ड रॉबर्ट्‌सकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्‌समध्ये जागा मिळवून दिली होती. हे ठाऊक असलेल्या वाचकास त्या क्रियापदापाशी थांबावेच लागते. आणि दिले ते कोणाला? इतरत्र राजा व राष्ट्र ह्यांवाचून ज्याचे पान हलत नसे, तो कवी येथे दोहोंचेही नाव घेत नाही. मुलगा दिला तो वाऱ्याला आणि भरतीला.