कातारी, जोडारी, संधाता : व्यवसायशिक्षणाच्या परिभाषेची चिकित्सा

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशपत्रकांतून आणि नोकरभरतीच्या जाहिरातींतून कारखान्यातील व्यवसायांची जी मराठी नावे छापली जातात, त्यांची भाषिक परीक्षा क्वचितच झालेली आहे. टर्नर तो कातारी, फिटर तो जोडारी, वेल्डर तो संधाता, वायरमन तो तारतंत्री, अशी ही नामावली होय. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले. त्याच्या १९६२ च्या 'पदनाम कोशा'ची 'बदनाम कोश' म्हणून जी थट्टा झाली, तिच्या गदारोळात सरकारी मराठी शब्द म्हटला की तो कृत्रिमच असावयाचा, असा ग्रह रूढ झाला. हा ग्रह आळसाचा आहे. वरील चार शब्दांचीही योग्यता एकसारखी नाही.

'कातारी' हा शब्द कोणत्याही समितीने घडविलेला नाही. सूत कातणे आणि लाकूड कातणे हे दोन्ही प्रयोग मराठीत जुने आहेत आणि फिरणे ही क्रिया दोहोंत समान आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ सावंतवाडीच्या लाखकामात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. तेथे लाकडाचा तुकडा चरकावर फिरत असतो आणि हत्यार कारागिराच्या हाती स्थिर असते. आकार साधला की फिरत्या वस्तूवर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. कारखान्यातील लेथवरही काम फिरते आणि हत्यार टेकविले जाते. छिद्र पाडण्याच्या यंत्रात नेमके याच्या उलट असते. यंत्रशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला जो भेद प्रथम समजावून द्यावा लागतो, तो 'कातणे' या क्रियापदातच सामावलेला आहे. शब्द लाकडावरून लोखंडावर गेला एवढेच.

'जोडारी' हा शब्द घडविलेला असला तरी कातारी, चितारी यांच्या वळणावर घडला असल्याने कानाला खटकत नाही. मात्र तो श्रमाचे नव्हे, श्रमाच्या फळाचे नाव सांगतो. फिटरचा पुष्कळसा वेळ जोडण्यात जात नाही. तो कानशीने धातू अंशाअंशाने उतरविण्यात आणि गुण्या लावून काटकोन पाहण्यात जातो. कुसू खोबणीत 'बसले' असे सुतार म्हणतो. हे 'बसणे' म्हणजेच फिटरच्या विद्येचे सार होय, आणि ते 'जोडारी'त उतरलेले नाही. तरीही हा शब्द चालण्यासारखा आहे.

'संधाता' मात्र चालण्यासारखा नाही. संस्कृत कर्तृवाचक रूप तसेच उचलल्यामुळे त्याला विभक्ती लावतानाच बोलणारा अडखळतो. याहून मोठा दोष असा की, त्याचाही अर्थ अखेर 'जोडणारा' असाच होतो. फिटरने जुळविलेले भाग पुन्हा सुटे करता येतात. वेल्डरने एकजीव केलेले भाग कापल्यावाचून सुटत नाहीत. ज्या परिभाषेत हा भेद दिसत नाही, ती परिभाषा शिकविण्याच्या कामी निरुपयोगी ठरते. धातूचे सांधे 'झाळणे' हे क्रियापद मराठीत होते. झाळण्यात मूळ धातू वितळत नाही, वेल्डिंगमध्ये वितळतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु कातण्याचा अर्थ जसा विस्तारला तसा झाळण्याचाही विस्तारता आला असता. 'तारतंत्री'बद्दल थोडक्यातच सांगावयाचे तर, वीणेच्या तारेलाही मराठीत तंत्रीच म्हणतात. तेव्हा या शब्दाचा सरळ अर्थ 'तारेची तार' असा होऊन बसतो!

यावरून परके शब्द वर्ज्य करावेत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. बिजागरी, घमेले, पिंप, चावी आणि खुद्द पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. गिरमिट इंग्रजीतून आले. या किनाऱ्यावरच्या कोणत्याही सुताराला ते परके वाटत नाहीत. त्याच न्यायाने 'वेल्डर' हाही मराठीच समजावयास प्रत्यवाय नाही, आणि 'संधाता'पेक्षा तो शतपटीने बरा.

प्रश्न केवळ शब्दांच्या शुद्धाशुद्धतेचा असता तर त्यात एवढे शिरण्याचे कारण नव्हते. मालवणात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, तंत्रनिकेतनही आहे. होडीच्या सुताराचा मुलगा तेथे जाईल तेव्हा रंधा, पटाशी, ओळंबा, गुण्या ही नावे त्याने घरी ऐकलेली असणार. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत हे बापाचे माप. वर्गातले माप मिलिमीटरचे. एक सूत म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिमीटर, हे एक वाक्य शिक्षकाने उच्चारले तर दोन विद्यांमध्ये सेतू बांधला जातो. ते उच्चारले गेले नाही, तर घरचे ज्ञान हे ज्ञानच नव्हे अशी समजूत त्या मुलाच्या मनात कायमची घर करते, आणि शिकण्याच्या पहिल्याच दिवशी तो आपले निम्मे भांडवल दाराबाहेर ठेवून येतो.

मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) कारागिरांच्या शब्दांना सढळ जागा मिळाली होती. त्यानंतरच्या परिभाषाकारांनी इंग्रजी शब्द समोर ठेवून प्रतिशब्द शोधले. चरकाशी किंवा होडीच्या सांगाड्यापाशी जाऊन विचारण्याची पद्धत पडली नाही. मालवणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा आता बऱ्याच अंशी फायबरच्या होड्यांनी घेतली आहे. तासण्याच्या, वाकविण्याच्या, फटी बुजविण्याच्या क्रियांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत ते सुतार वृद्ध होत चालले आहेत. संग्रहाचे काम त्यांच्यापासून सुरू व्हावयास हवे.