शिरूरची कबर आणि मुंबईचें स्कॉच मंदिर

शिरूरच्या जुन्या गोऱ्यांच्या कबरस्तानांत कर्नल विल्यम वॉलेस यांची कबर आहे. पुणें येथील सहाय्यक फौजेचे हे सेनापति. ज्या ७४ व्या पलटणींत ते होते ती १७८७ त स्कॉटलंडांत उभारलेली. १८०९ सालीं ते वारले, आणि पुढें गांवकऱ्यांनीं त्यांस 'सत्पुरुष' ठरविलें. सुगीचे पहिले दाणे कबरीपुढें नैवेद्य म्हणून ठेवीत, असें १८८५ च्या जिल्हा गॅझेटियरांत नमूद आहे. वास्तुकलेच्या चर्चेंत ह्या कबरीस कोणी हिशेबांत धरीत नाहीं. पण तिच्यामागून दहाच वर्षांनीं, १८१९ त, मुंबईच्या कोटांत स्कॉच लोकांचें सेंट अँड्र्यूज मंदिर उघडलें. आणि कबर पाहून, दौंडास गाडी धरून आम्ही तें पाहण्यास गेलों, तेव्हां दोहोंची तुलना मनांतून जाईना.

मंदिराचा जन्म कायद्यापासून झाला. १८१३ च्या सनदेनें प्रत्येक इलाख्यांत स्कॉच धर्मोपदेशकाची तरतूद केली, १८१५ त जेम्स क्लो मुंबईस आले, आणि थोडक्याच वर्षांत कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें तीन मंदिरें उभीं राहिलीं. तिन्हींचा कित्ता एकच, लंडनचें सेंट मार्टिन्स. तें रचणारा जेम्स गिब्ज हा ॲबर्डीनचा, म्हणजे स्कॉचच. पण शिक्षण रोमचें आणि पंथ कॅथॉलिक! त्यानें १७२८ त आपल्या आराखड्यांचें पुस्तक छापलें, आणि तें दूरदूरच्या बांधकाम करणाऱ्यांच्या हातीं पडलें. मद्रासकरांनीं निदान त्याचा वर्तुळाकार बेत उचलून कांहीं धाडस दाखविलें. मुंबईकरांनीं तेवढेंही केलें नाहीं.

दर्शनीं रोमन देवळासारखी स्तंभांची ओसरी आणि तिच्या पाठीमागें उंच मनोरा, ही गिब्जची युक्ति. खालून पाहणाऱ्यास मनोरा छपरावरच बसविल्यासारखा वाटतो. रांजणगांवास गेलेल्या वाचकास हें विशेष खटकेल. आपल्याकडे शिखर गाभाऱ्यावर असतें. दृष्टि वर जाते ती जेथें देव बसला आहे त्या जागेवरून. येथें मनोरा दाराशीं आहे, आणि आंत गाभारा मुळींच नाहीं. नॉक्सच्या पंथानें मूर्ति काढल्या, वेदी काढली. १८६० नंतरच्या दशकापर्यंत ऑर्गनसुद्धां स्कॉटलंडच्या मंदिरांत खपत नसे. स्तोत्रें नुसत्या गळ्यानें म्हणावयाचीं आणि प्रवचन ऐकावयाचें. व्यासपीठ हेंच त्यांचें सर्वस्व.

मग एवढे स्तंभ कशासाठीं? आमचें मत असें कीं, हें दर्शन देवासाठीं नव्हे, शेजाऱ्यासाठीं आहे. कोटांत इंग्लिश चर्चचें सेंट थॉमस मंदिर १७१८ पासून उभें होतें. आम्हीही राजमान्य आहों, हें स्कॉचांस दाखवावयाचें होतें. १८२६ त मनोऱ्यावर वीज पडली. ज्यांना केवळ प्रवचनाची गरज, त्यांनीं तो विषय तेथेंच सोडला असता. ह्यांनीं पुढच्याच वर्षीं तो पुन्हा चढविला. ह्याला आम्ही ढोंग म्हणणार नाहीं. परमुलखांत अल्पसंख्य असणाऱ्यास मान हवासा वाटतो, हें समजण्यासारखें आहे. परंतु इमारतीच्या अंगावर तो हव्यास दिसतो, एवढें खरें. आंतल्या साधेपणाशीं बाहेरच्या थाटाची ओळखच नाहीं.

मंदिराच्या शेजारीं पूर्वी एक बर्फघर होतें. अमेरिकेहून जहाजानें आलेला बर्फ तेथें सांठवीत. तें केव्हांच गेलें. त्याची रचना कोणत्या पुस्तकांतून उतरविली होती, हें विचारण्याची कोणास गरज पडली नसावी. लोक आपले बर्फ घेऊन घरीं जात.

शिरूरच्या कबरीस ना ओसरी, ना मनोरा. बांधणाऱ्यांनीं ती एका परक्या सेनापतीसाठीं बांधली. देवस्थानपण तिला आणलें तें दाणे घेऊन येणाऱ्या कुणब्यांनीं, आणि तेंही कोणास न विचारतां. मुंबईच्या मंदिराची ज्याच्याशीं स्पर्धा, तो शेजारी मात्र आतां घरचाच झाला आहे: १९७० त उत्तर भारतीय चर्चमध्यें दोन्ही पंथ एकत्र आले. मनोरा अजून उभा आहे.