भिंतीवरची मायबोली

सैन्यभरतीचे भित्तिपत्रक वाङ्मय म्हणून सहसा कोणी वाचत नाही. वस्तुतः शब्द मोजके असले तरी त्याचा परिणाम फार खोल असतो. वाचकाने घर सोडले, तरच ते यशस्वी ठरते. म्हणून त्याची चिकित्सा शैलीबरोबर नीतीच्याही अंगाने व्हावयास हवी.

पहिल्या महायुद्धात वेल्स प्रांतात अशी पत्रके वेल्श भाषेतही लागली. एका पत्रकात वेल्सच्या पोरांना सैन्यात येण्याची साद आहे आणि जोडीला एक जुनी म्हण : ज्या भूमीने पोसले तिच्यावर प्रेम न करणारा तिरस्कारास पात्र. निवड चतुर आहे. म्हण ही वडीलधाऱ्यांच्या तोंडची. तिच्याशी वाद कोण घालणार? गरज सरकारची, आवाज मात्र घरातला. पुढे १९१६ मध्ये सक्तीची भरती आली आणि विनवणीमागचा हुकूम उघडा पडला.

आपल्याकडचा सूर निराळा. एका उर्दू पत्रकात गणवेश, बंदूक आणि रुपये मांडून विचारले आहे, हे कोण घेणार? उत्तर : जो ताबडतोब भरती होईल तो. वेल्श तरुणाला मातृभूमीचे ऋण, हिंदी तरुणाला पगार! ज्याची जी दुखरी जागा, तिथेच शब्दाने बोट ठेवले. मरणाचा उल्लेख मात्र दोन्हीकडे नाही.

ती गाळलेली ओळ सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने भरून काढली. त्या एका गावचे ४६ जवान या युद्धात पडले. त्यांची स्मृतिशिला गावात आहे. लोकमान्य टिळकांचा भरतीला विरोध नव्हता, पण बदल्यात स्वराज्याचे हक्क हवे होते. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवताच ते सभा सोडून गेले. पत्रक जी अट लपवते, तीच त्यांनी उघड मांडली होती.

धर्मपीठही यातून सुटले नाही. जॉन विल्यम्स हे नामांकित वेल्श प्रवचनकार लष्करी गणवेशात भरतीचा प्रचार करीत. ३१ जुलै १९१७ रोजी हेद विन हा मेंढपाळ कवी फ्लँडर्समध्ये पडला. सप्टेंबरात वेल्श साहित्यमेळाव्यात त्याच्या कवितेला मिळालेल्या मानाच्या आसनावर काळे वस्त्र घालावे लागले. त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख घातलेल्या शांतिपत्रात पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्या युद्धाला निरर्थक कत्तल म्हटले. तेव्हा त्यांचे कोणी ऐकले नाही; आज मात्र प्रवचनाचा शब्द कुठे शोभतो, हे त्या दोघांकडे पाहून कळते.

वैनगंगेकाठच्या आपल्या वडसा-गडचिरोली पट्ट्यातही माओवाद्यांची पत्रके आणि शासनाची आत्मसमर्पणाची आवाहने लोकांनी वाचली आहेत. दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत. पण आपल्या बोलीत कोणी लेकराला हाक मारली, की हाक कोणाची आणि कागदात काय गाळले आहे, हे आईबापांनी आधी विचारावे. बोली आपली असली, म्हणजे बोलणारा आपलाच असतो असे नाही.