ऋणाइताची समीक्षा: मार्टिन स्कॉर्सेसी आणि उपेक्षित चित्रपट

वाङ्मयाच्या इतिहासात उपेक्षा ही घटना नवी नाही, आणि तिचे निवारणही अशक्य मानले जात नाही. तेराव्या शतकात रचले गेलेले ‘लीळाचरित्र’ महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिपीआड दीर्घकाळ बंदिस्त राहिले. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमांनंतर विसाव्या शतकात ते वाङ्मय सर्वसामान्य वाचकांसमोर आले आणि मराठी गद्याच्या आरंभकाळाची मांडणीच बदलावी लागली. पोथी अशी वाट पाहू शकते. चित्रपटाला ती मुभा नसते. नायट्रेटची फीत काही दशकांतच कुजू लागते, आणि उपेक्षेचे दुसरे नाव तेथे विनाश असे होते. बाबूराव पेंटर यांच्या १९२५ सालच्या मूक ‘सावकारी पाश’चा उल्लेख आपण गौरवाने करतो, परंतु तो पाहून या गौरवाची शहानिशा करण्याची सोय आज उरलेली नाही.

म्हणूनच उपेक्षित चित्रपटाविषयी कोण बोलतो आणि केव्हा बोलतो, या प्रश्नाला वाङ्मयसमीक्षेत नसलेली निकड चित्रपटसमीक्षेत प्राप्त होते. हे काम समीक्षकांनी केले आहे, इतिहासकारांनीही केले आहे. परंतु ज्याने स्वतः चित्रपट निर्माण केले, त्या व्यवसायाचे नफेतोटे सोसले, अशा कलावंताने आपल्या पूर्वसूरींची बाजू मांडली तर तिचे स्वरूप वेगळे होते. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६) आणि ‘रेजिंग बुल’ (१९८०) यांचे दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी हे या प्रकारचे ठळक उदाहरण होय. त्यांच्या अभिप्रायांचे बळ कशात आहे आणि त्यांची मर्यादा कोठे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने योजलेल्या मालिकेत स्कॉर्सेसी यांनी मायकेल हेन्री विल्सन यांच्या सहकार्याने अमेरिकन चित्रपटांचा आपला वैयक्तिक प्रवास १९९५ मध्ये पडद्यावर मांडला. पावणेचार तासांचा हा पट समीक्षाग्रंथाप्रमाणे अभ्यासावा अशा योग्यतेचा आहे. त्याच्या आरंभी ते बालपणाकडे जातात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातून डीम्स टेलर यांचा चित्रपटांचा सचित्र इतिहास ते पुनःपुन्हा घरी आणत, आणि त्यातली काही चित्रे लंपास करण्याचा मोह आपल्याला आवरला नाही, अशी कबुली ते देतात. ग्रंथपालांना ही कबुली रुचणार नाही. पण त्यांच्या समीक्षेचे बीज तीत आहे. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव सांगणे, ही या समीक्षेची मूळ प्रेरणा आहे. ती न्यायाधीशाची नव्हे, ऋणाइताची समीक्षा आहे. आपली निवड सर्वसमावेशक नाही, ते एक मनातले संग्रहालय आहे, हे ते स्पष्ट करतात. आणि ज्या काळात आपण स्वतः चित्रपट करू लागलो तेथे, म्हणजे साठोत्तरी दशकाच्या अखेरीस, ते थांबतात. समकालीनांविषयी तटस्थ राहता येणार नाही, ही त्यामागची जाणीव. आपल्या समीक्षाव्यवहारात हा संयम दुर्मीळ आहे.

या पटात त्यांनी दिग्दर्शकांचे जे वर्ग कल्पिले आहेत, त्यांपैकी ‘तस्कर’ हा सर्वांत फलदायी आहे. स्टुडिओव्यवस्थेत दुय्यम मानल्या गेलेल्या, अल्प खर्चाच्या चित्रपटांवर वरिष्ठांची नजर कमी असे. त्या ढिलाईचा लाभ घेऊन काही दिग्दर्शकांनी ठरावीक कथानकाच्या आवरणाखाली वेगळा आशय पलीकडे नेला. ॲलन ड्वॉन यांचा ‘सिल्व्हर लोड’ (१९५४) हा वरकरणी नेहमीचा ‘वेस्टर्न’ आहे. लग्नाच्या दिवशी नायकावर खुनाचा आरोप घेऊन एक मनुष्य गावात येतो, आणि कालपर्यंत नायकाचे गुणगान करणारे गाव बघता बघता त्याच्या जिवावर उठते. आरोप करणाऱ्याचे नाव मॅकार्टी आहे आणि त्याची कागदपत्रे बनावट आहेत. सिनेटर मॅकार्थी यांच्या चौकशीसत्राने अमेरिका ग्रासली असताना हे घडत होते, एवढे सांगितले की या सामान्य भासणाऱ्या कथेची धार ध्यानात येते.

झाक तूर्नर यांच्या ‘कॅट पीपल’ (१९४२) या भयपटाबाबत स्कॉर्सेसी आणखी पुढे जातात. अमेरिकन चित्रपट प्रगल्भ होण्याच्या प्रक्रियेत हा चित्रपट आपल्या परीने ‘सिटिझन केन’इतकाच महत्त्वाचा होता, असे त्यांचे मत आहे. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्यापाशी पैसा थोडा होता. हिंस्र श्वापद विश्वसनीय रीतीने दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून ते बहुतांशी सावलीत आणि ध्वनीत ठेवले गेले. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात छतावर हलणारे पाण्याचे प्रतिबिंब आणि एक गुरगुर यांखेरीज जवळजवळ काही नाही. भीती प्रेक्षकाच्या मनात उभी राहते. साधनांच्या अभावातून अभिव्यक्तीची रीत कशी जन्मते, हे ओळखणारी दृष्टी ही व्यावसायिकाची खास कमाई होय. केवळ प्रेक्षागृहातून पाहणाऱ्या समीक्षकाला निवड दिसते. निवडीमागची अडचण बहुधा दिसत नाही.

तथापि या विधानाची छाननीही व्हावयास हवी. एखाद्या कलेच्या विकासातील कृतीचे महत्त्व आणि त्या कृतीचे स्वतंत्र कलात्मक मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्कॉर्सेसी पहिलीविषयी बोलतात. उत्साही शिष्य दुसरी ऐकतो. वाङ्मयेतिहासातही हा घोटाळा वारंवार घडतो. एखादी कादंबरी तिच्या प्रकारातली आरंभीची म्हणून महत्त्वाची ठरते, आणि हळूहळू ती थोरही मानली जाऊ लागते. कारागिराला उपयोगी पडलेली कृती रसिकाला तेवढाच आनंद देईल, असे गृहीत धरता येत नाही. ‘कॅट पीपल’ उत्तम आहे याविषयी मला शंका नाही. मात्र त्याचे उत्तमपण त्याच्याच प्रसंगांतून सिद्ध करावे लागेल, ‘केन’च्या आधाराने नव्हे.

दुसऱ्या प्रकारची उपेक्षा ही दुर्लक्षाची नसून बहिष्काराची असते. मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ १९६० मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झाला. कॅमेऱ्याने चित्रण करीत करीत स्त्रियांची हत्या करणाऱ्या तरुणाची ही कथा. ब्रिटिश समीक्षक तिच्यावर तुटून पडले, चित्रपट लवकरच मागे घेतला गेला, आणि पॉवेल यांच्या मायदेशातील कारकिर्दीवर त्याचा जबर आघात झाला. पुढे १९७९ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात तो पुन्हा प्रेक्षकांसमोर आला, तो मुख्यतः स्कॉर्सेसी यांच्या पुढाकाराने. चित्रपट करणे म्हणजे काय, याविषयी जे काही सांगण्यासारखे आहे ते फेलिनींचा ‘एट अँड अ हाफ’ आणि ‘पीपिंग टॉम’ हे दोघे मिळून सांगतात, असे ते म्हणत आले आहेत. पहिला चित्रपटनिर्मितीतील मुक्ती आणि संभ्रम दाखवतो, दुसरा पाहण्याच्या कृतीतच दडलेली हिंसा.

येथे ऋणाचा व्यवहार उभयपक्षी झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘रेजिंग बुल’च्या पूर्वतयारीतील चित्रण पाहताना मुष्टियोद्ध्यांच्या हातमोज्यांचा लाल रंग खटकतो, असा शेरा पॉवेल यांनी मारला. तो चित्रपट कृष्णधवल करण्याच्या निर्णयात या शेऱ्याचा वाटा होता, असे स्कॉर्सेसी यांनी सांगितले आहे. अशा रीतीने उपेक्षित ज्येष्ठाचा अभिप्राय कनिष्ठाच्या कलाकृतीत उतरला. २०२४ मध्ये, पॉवेल यांच्या निधनानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, पॉवेल-प्रेसबर्गर यांच्या चित्रपटांवरील ‘मेड इन इंग्लंड’ या अनुबोधपटाचे निवेदनही स्कॉर्सेसी यांनीच केले. हे कर्ज ते अद्याप फेडीत आहेत.

तिसरा प्रकार आपल्या अधिक जवळचा आहे. जे चित्रपट त्यांच्यापर्यंत बालपणी पोहोचलेच नव्हते, ज्यांचे कोणतेही ऋण त्यांच्यावर नव्हते, त्यांचाही भार स्कॉर्सेसी यांनी उचलला. १९९० मध्ये त्यांनी ‘द फिल्म फाउंडेशन’ स्थापन केले, आणि २००७ मध्ये जगातील इतर देशांच्या चित्रपटांसाठी स्वतंत्र उपक्रम आरंभिला. त्यातून ऋत्विक घटक यांच्या ‘तिताश एकटि नदीर नाम’ (१९७३) या चित्रपटाचे २०१० मध्ये आणि उदय शंकर यांच्या ‘कल्पना’चे (१९४८) २०१२ मध्ये पुनरुज्जीवन झाले. अद्वैत मल्लबर्मन यांनी स्वतः ज्या मालो कोळी समाजात जन्म घेतला त्याच्या ऱ्हासाची कादंबरी लिहिली. ती त्यांच्या निधनानंतर ग्रंथरूपाने आली, आणि घटकांनी बांगलादेशात जाऊन तिचा चित्रपट केला. आटत जाणाऱ्या नदीवरचा हा चित्रपट स्वतःच विरून जाण्याच्या बेतात होता. ‘कल्पना’ची कथा तर अधिकच सूचक आहे. एक लेखक एका चित्रपटनिर्मात्याला आपली संहिता ऐकवतो, ती संहिता म्हणजेच आपण पाहतो तो चित्रपट, आणि अखेरीस गल्ल्याकडे डोळे लावलेला निर्माता ती नाकारतो. उदय शंकर यांनी आपल्या एकमेव चित्रपटात त्याच चित्रपटाचे भवितव्य लिहून ठेवले होते. त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शिकलेले गुरुदत्त पुढे पुण्यात ‘प्रभात’मध्ये आले, हे लक्षात घेता ‘कल्पना’ची उपेक्षा हा आपल्या चित्रपटेतिहासाच्या आकलनातलाही खंड ठरतो.

या ठिकाणी व्यावसायिकाच्या अभिप्रायाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ज्या संवेदनेने कलावंत निर्माण करतो, तीच त्याच्या आस्वादाला कुंपण घालते. याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. सत्यजित राय यांच्याएवढा मर्मज्ञ चित्रपटसमीक्षक भारतीय दिग्दर्शकांत विरळा; तरीही १९७४ च्या एका लेखात ‘गर्म हवा’ आणि ‘अंकुर’ यांचे मोकळ्या मनाने स्वागत करणारे राय कुमार शहानी यांच्या ‘माया दर्पण’ला आणि मणी कौल यांच्या ‘दुविधा’ला (१९७३) न्याय देऊ शकले नाहीत. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरील ‘दुविधा’ला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला होता, परंतु त्याची स्थिर, लघुचित्रासारखी रचना आणि संवादांची अलिप्त फेक ही राय यांच्या मानवकेंद्री, कथनप्रधान दृष्टीच्या विरुद्ध टोकाला होती. जे आपण कधी करणार नाही ते ओळखणे थोर कलावंतालाही जड जाते. ऋणाइताला सावकाराचा चेहरा आठवतो; ज्याच्याशी देवघेवच झाली नाही त्याचा चेहरा त्याला दिसत नाही.

म्हणूनच या समीक्षेला दुसऱ्या एका वृत्तीची जोड आवश्यक असते, आणि ती पुण्यात घडली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी चांगला-वाईट हा भेद न करता मिळेल तो चित्रपट जमवला. काय राखावे याचा निवाडा आपण करू नये, ही त्यांची भूमिका होती. फाळके यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज पाहावयास मिळतात, त्यांच्या जतनामागेही हीच भूमिका आहे. ‘कल्पना’ कानच्या पडद्यावर झळकली, तीही या संग्रहालयाने जपलेल्या प्रतीच्या आधारे. स्कॉर्सेसी यांची निवड गौरवास्पद खरीच. पण निवडण्यासाठी काहीतरी शिल्लक असावे लागते, आणि ते शिल्लक ठेवणारा मनुष्य आवडीनिवडी बाजूला सारूनच काम करीत असतो.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. एखाद्या नामवंत कवीने विस्मृत कवीची, कादंबरीकाराने दुर्लक्षित कादंबरीची शिफारस केली, तर ती प्रथम त्याच्या ऋणाची नोंद म्हणून वाचावी. त्याने काय घेतले, हे शोधावे. त्यानंतर मूळ कृतीकडे स्वतः जावे आणि त्या ऋणापलीकडे तीत काय उरते, ते पाहावे. ‘पीपिंग टॉम’ या कसोटीस उतरतो, ‘तिताश’ही उतरतो, काही चित्रपट उतरणार नाहीत, आणि तसे सांगण्याची जबाबदारी समीक्षकाची आहे. मात्र ती पार पाडण्यासाठी चित्रपट पाहावयास मिळाला पाहिजे. ‘सावकारी पाश’विषयी ती आपल्याला पार पाडता येत नाही, कारण तो वाचवणे शक्य होते त्या काळात त्याचे ऋण मानणारा कोणी वेळेवर पुढे आला नाही.