पदवीचा कस लावणारा प्रश्न

राज्यशास्त्राची बी. ए. कुठे चांगली, हे ठरवताना पालक आधी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी पाहतात. नॅकचे सात निकष कामाचेच आहेत. पण विषय शिकवला कसा जातो हे जाणायचे, तर मी वर्गात विचारला जाणारा प्रश्न पाहतो. राजगुरुनगरच्या हुतात्मा राजगुरू महाविद्यालयासारख्या संलग्न महाविद्यालयांना अभ्यासक्रमाचा आराखडा पुणे विद्यापीठाकडून मिळतो. त्यात जीव ओततो तो प्राध्यापकाचा प्रश्न.

‘73 व्या घटनादुरुस्तीची वैशिष्ट्ये लिहा.’ हा पंचायत राजवरचा नेहमीचा प्रश्न. गाईडमधले आठ मुद्दे पाठ केले की गुण मिळतात.

आता दुसरा प्रश्न वाचा : ‘या दुरुस्तीने राज्यांवर काय बंधनकारक केले आणि काय त्यांच्या मर्जीवर सोडले? आपल्या ग्रामपंचायतीचा आधार घेऊन लिहा.’

या प्रश्नाची पहिली खुमारी अशी, की त्याच्या उत्तरासाठी मूळ संविधान उघडावेच लागते. दर पाच वर्षांनी निवडणूक आणि महिलांना किमान एक-तृतीयांश जागा, यांतून राज्याची सुटका नाही. महाराष्ट्राने तर 2011 मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. अकराव्या अनुसूचीतले 29 विषय पंचायतींकडे किती सोपवायचे, हे मात्र विधिमंडळ ठरवते. सरपंच निवडून येतो, पण त्याच्या हातात अधिकार किती, हे कोड्यासारखे वाटणारे वास्तव विद्यार्थ्याला इथे उलगडते.

दुसरी खुमारी ‘आपल्या ग्रामपंचायतीचा आधार’ या अटीत आहे. विद्यार्थी ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन विकास आराखडा मागतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या अनुदानाचा 60 टक्के हिस्सा पिण्याचे पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला आहे, हे त्याला कागदावर दिसते. उरलेल्या अबंधित रकमेवर ग्रामसभेत कोण बोलले, कोण गप्प बसले, हेही तो टिपतो. सत्ता म्हणजे काय, हे त्याला व्याख्येविना समजू लागते.

राजगुरुनगर ज्या खेड तालुक्यात आहे, तिथे याहून कसदार प्रश्न जमिनीचा. कनेरसर, निमगाव, दावडी या गावांनी सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) भूसंपादनाचा आणि 15 टक्के विकसित जमीन परत मिळण्याच्या आश्वासनाचा वाद अनुभवला आहे. 2013 चा केंद्रीय कायदा खासगी कंपनीसाठी 80 टक्के बाधितांची संमती मागतो. एमआयडीसी, म्हणजे राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ, मात्र 1961 च्या राज्य कायद्याखाली जमीन घेऊ शकते. एकाच शेतावर दोन कायद्यांची छाया पडते, तेव्हा संमती कोणाची आणि निर्णय कोणाचा? संघराज्य, मालमत्ता, लोकहित या तिन्ही संकल्पना या एका प्रश्नात येतात.

ही वाट पुण्याच्या राज्यशास्त्राला नवी नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या ग्रंथात धरणाविरुद्धचा लढा तर मांडलाच, शिवाय मावळातला शेतकरी आणि पुण्यातला सावकार यांचे हितसंबंध वेगळे कसे होते, हेही दाखवले. तो ग्रंथ खेडच्या विद्यार्थ्याने सेझच्या कागदांशेजारी ठेवून वाचावा. शंभर वर्षांपूर्वीची मुळशी त्याला आजचे प्रश्न विचारायला शिकवील.

म्हणून प्रवेश घेण्याआधी प्राध्यापकांना भेटा. मागच्या वर्षीचे अंतर्गत चाचणीचे प्रश्न आणि विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रकल्प पाहायला मागा. त्यांत मूळ कायदा उघडलेला असेल आणि आपले गाव नीट वाचलेले असेल, तर कॉलेज पुण्यात असो वा राजगुरुनगरात, तिथली पदवी खुशाल घ्यावी.